भोवरा आणि स्कर्मिऑन एकच नव्हे
स्कर्मिऑन म्हणजे पदार्थातल्या दिशांची गाठीसारखी गुंडाळी. त्यावरच्या कार्यशाळेबद्दल कोणीतरी विचारलंय, की तिथे चुंबकवाले, द्रव-स्फटिकवाले आणि अणुकेंद्रकवाले एकत्र बसून बोलणार काय? अहो, स्कर्मिऑनची कल्पनाच मुळी उसनी आहे. भौतिकशास्त्रज्ञ टोनी स्कर्म यांनी १९६० च्या सुमारास ती अणुकेंद्रकातल्या कणांसाठी मांडली. २००९ मध्ये मँगनीज सिलिसाइडच्या चुंबकात तशीच गुंडाळी सापडली, साधारण १८ नॅनोमीटर अंतराने जाळीसारखी मांडलेली.

'स्कर्मिऑन म्हणजे डोक्यावरचा भोवराच' हे कोणीतरी दिलेलं उदाहरण मात्र अर्धंच पटलं. भोवऱ्याच्या मधोमध केसाला दिशाच नसते, कितीही तेल चोपडून विंचरा. स्कर्मिऑनमध्ये तसं भोक नसतं: चुंबकात प्रत्येक अणूची चुंबकीय दिशा हा एक बाण समजा, तर कडेचे बाण वर, केंद्रातला खाली, आणि दरम्यानचे हळूहळू कलंडत जातात. पुण्यात पाषाणला चहाच्या सुट्टीत एका मुलीने थर्माकोलवर टाचण्या टोचून हे दाखवलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. (तासभर समीकरणं बघून पडला नव्हता!)

आणि 'ही गाठ कधीच सुटत नाही' हा दावाही जरा जपून: तो सलग पदार्थापुरता खरा. खरा पदार्थ अणूंचा बनलेला, सलग नव्हे. म्हणून पुरेशी उष्णता मिळाली की गाठ सुटते.