वासोटा-नागेश्वर करून चोरवण्याला उतरायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जानेवारीत बाबांना (वय 63) घेऊन वासोटा किल्ल्यावर जायचं ठरतंय. दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर गेलो होतो, तेव्हा नागेश्वरची गुहा राहिली. बामणोलीत लाँच मिळेमिळेपर्यंत साडेदहा, शिवसागर जलाशयातून पायथ्याच्या मेट इंदवलीला पोचायला दीड तास. चौकीवर वनखात्याच्या माणसाने सॅक उपसायला लावली आणि बिस्किटाच्या पुड्यापासून सगळं प्लास्टिक मोजून लिहून घेतलं (चांगलंच करतात, पण वेळ जातो). वर बाबूकड्यासमोर कशीबशी पोळी-चटणी खाल्ली, नागेश्वरचा फाटा लांबूनच बघितला आणि खाली पळत सुटलो. अभयारण्यात मुक्काम करता येत नाही, आणि लाँच चुकली की पुढे पाणीच.

म्हणून यंदा परत लाँचकडे यायचंच नाही, नागेश्वर करून तसंच खाली कोकणात चोरवण्याला उतरायचं, असं डोक्यात आहे. बाबांना गडापेक्षा नागेश्वरचंच जास्त. आजोबा खेडचे, महाशिवरात्रीला चोरवण्यातून चढून जायचे. गुहेत पिंडीवर छतातून थेंब थेंब पाणी पडतं, हे बाबांनी फक्त ऐकलंय.

बाबा दर रविवारी सिंहगड चढतात. दम लागत नाही, पण उतारावर डावा गुडघा कुरकुरतो. एका दिवसात हे सगळं जमेल का? बामणोलीकडून शिरून कोकणात उतरायला परवानगी देतात का? मारुतीच्या देवळाजवळचा ओढा सोडला तर जानेवारीत वर पाणी असतं का? आणि गाडी बामणोलीत, आम्ही चोरवण्यात, याचं काय करायचं?

प्रतिसाद:
गुडघा उतारावर दुखतो आणि तुम्ही नेमकी कोकणातली उतरण निवडताय! घाटमाथ्यावरून कोकणात उतरणं म्हणजे सरळ कडा उतरणं. घसारा, त्यात वाळलेलं गवत. उलटं करा. चोरवण्यात मुक्काम करा, पहाटे नागेश्वर चढा, आणि मेट इंदवलीच्या बाजूने उतरा. ती वाट रानातली, सावलीची. वासोट्याचा माथा वेळ उरला तरच. लाँच मात्र आधी पक्की करून ठेवा, आयत्या वेळी तिकडे कोणी फिरकत नाही. परवानगीचं वनखात्याच्या कार्यालयातच विचारा, फोनवर कुणी "चालतंय की" म्हणालं म्हणून निघू नका. पाणी माणशी तीन लिटर घरूनच. गावातला वाटाड्या घ्याच, माथ्यावर गव्यांच्या वाटा माणसांच्या वाटांसारख्याच दिसतात.

धागाकर्ता:
मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "मग अण्णांच्याच (म्हणजे आजोबांच्या) वाटेने जायचं की!" आता गाडी राहते. चोरवण्यात ठेवली तर बामणोलीहून सातारा, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण असा सगळा वळसा घालून परत आणायला जावं लागेल. खेड एस.टी. स्टँडवरून चोरवण्याला संध्याकाळची गाडी आहे का, कुणी सांगेल का? म्हणजे स्वतःची गाडी न्यायलाच नको.