मदत हवी आहे: ग्रीसच्या 'एल्वो' कंपनीच्या बस आणि अग्निशामक गाड्यांबद्दल

नमस्कार मंडळी. जुन्या बसगाड्यांच्या इतिहासावर टिपणं काढतोय, सध्या थेस्सालोनिकीजवळच्या सिंदोस इथल्या एल्वोपाशी अडलोय. ऑस्ट्रियाच्या स्टायर कंपनीबरोबर १९७२ मध्ये 'स्टायर हेलास' म्हणून सुरुवात झाली. ट्रॅक्टर, ट्रक, मग लष्करासाठी 'लिओनिडास' चिलखती गाड्या. १९८७ मध्ये एल्वो हे नाव आलं. अथेन्सच्या नीओप्लान (जर्मन कंपनी) ट्रॉलीबस, म्हणजे वरच्या तारांमधल्या विजेवर चालणाऱ्या बस, याच कारखान्यात जुळवलेल्या. पुढे सरकारी मालकी, कर्ज, आणि शेवटी इस्रायली गुंतवणूकदारांच्या हाती कारखाना. लष्करी भागावर माहिती भरपूर मिळते. बसवर मात्र दोन ओळीत बोळवण! मला तर बसच जास्त महत्त्वाच्या वाटतात, लोक रोज त्यातूनच फिरले ना.

तर विचारायचं होतं:
स्टायरच्या चासीवरच्या (चासी म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा) अग्निशामक गाड्यांची बॉडी, पाण्याची टाकी आणि पंप कारखान्यातच बसायचे की बाहेरून करून घ्यायचे? ट्रॉलीबसमध्ये स्थानिक काम नेमकं किती होतं? ग्रीसमध्ये राहणारं किंवा ग्रीक वाचता येणारं कुणी असेल तर जुनी माहितीपत्रकं, फोटो कुठे शोधायचे तेही सांगा. चासीवरची पाटी दिसेल असा फोटो मिळाला तर फारच उत्तम.