मदत हवी आहे: औषध २ ते ८ चं, लेबलवर १५ ते २५, माल परत आला

नमस्कार मंडळी, मी फॉरवर्डरकडे (म्हणजे लोकांचा माल परदेशी पाठवून देणारा एजंट) एक्सपोर्टची कागदपत्रं बघते, आतापर्यंत सगळा सुका माल केला, औषधांची ही पहिलीच कन्साइनमेंट आणि पहिल्याच घासाला माशी. माल इन्सुलिनचा, २ ते ८ डिग्रीत ठेवायचा, शिपरने थर्मल बॉक्समधे जेल पॅक लावून दिलाय म्हणजे पॅसिव्ह, बॅटरीवर चालणारा कंटेनर नाही. बॉक्सवर ते निळं टाइम अँड टेम्परेचरचं लेबल आहे, जे आयाटाने (विमान कंपन्यांची जागतिक संघटना) जुलै २०१२ पासून सक्तीचं केलंय, आणि त्यावर शिपरने लिहिलंय १५ ते २५! मला वाटलं चुकून लिहिलं, मी शहाणपणा करून एअरवे बिलावर (विमानाने जाणाऱ्या मालाचा मुख्य कागद) २ ते ८ आणि सीओएल कोड टाकला, म्हणजे २ ते ८ मधे ठेवायचा माल. काउंटरवर लेबल आणि बिल जुळेना म्हणून माल परत. शिपर म्हणतो बिल चुकलंय, साहेब म्हणतात नवीन लेबल चिकटव आणि मोकळी हो. कोणाचं ऐकू?

आणि हो, त्याच बिलावर ड्राय आइसमधली फ्रोझन मासळी पण आहे, चालतं का ते?

शेडवाला: ताई लेबलला हात लावू नका. त्यावरचं तापमान बॉक्सच्या बाहेरचं असतं, विमानतळावरच्या मालाच्या शेडमधे आणि विमानात माल कितीत ठेवायचा ते. आतलं २ ते ८ जेल पॅक सांभाळतात आणि ते बाहेर १५ ते २५ आहे असं धरून भरलेले असतात. सीओएल टाकलं की माणसं बॉक्स कोल्ड रूममधे ढकलतात, मग गोठवलेले पॅक वितळत नाहीत, आत २ च्या खाली जाऊ शकतं आणि इन्सुलिन एकदा गोठलं की गेलं. बिलावर सीआरटी करा (१५ ते २५ चा कोड), सोबत पीआयपी (पॅसिव्ह पॅकिंगचा कोड), पण आधी शिपरकडून लेखी घ्या आणि पॅक केल्यापासून बॉक्स किती तास टिकतो तेही विचारा.

मासळीचं बिल वेगळंच करा, तापमानच वेगळं आहे. ड्राय आइस धोकादायक मालात मोडतो, त्याचा नंबर यूएन १८४५, क्लास ९ चं लेबल, प्रत्येक खोक्यावर बर्फाचं नेट वजन किलोत, तेच बिलावर पण. खोका हवाबंद नको, गॅस बाहेर पडायला जागा पाहिजे. खाण्याचा माल आहे, तर विषारी किंवा संसर्गजन्य लेबलवाल्या मालाशेजारी लोड होऊ देऊ नका.

कोल्डचेन_काका: +१. काउंटरवाल्याला चहा पाजा, त्याने वाचवलंय तुम्हाला. नवीन लेबल चिकटवलं असतंत तर तो माल बिनबोभाट कोल्ड रूममधे गेला असता.

धागाकर्ती: खूप आभार दोघांचे, बिल बदलते. पण काल माल परत आल्यावर मी बॉक्स आमच्या कोल्ड रूममधे ठेवायला सांगितलेत, अजून तिथेच आहेत 😭

शेडवाला: आत्ता बाहेर काढा!! आणि बॉक्स उघडू नका, शिपरच्या क्वालिटीवाल्यांना किती वाजता ठेवले, किती वाजता काढले ते खरं कळवा. आत डेटा लॉगर (तापमान नोंदवत राहणारं यंत्र) असेल तर त्याचं रीडिंग बघून माल पाठवायचा की नाही ते तेच ठरवतील, तुम्ही किंवा तुमचे साहेब नाही.