मदत हवी आहे: झांझिबारचा ब्रिटिश कॉन्सल जॉन कर्क आणि मुंबई सरकारची दप्तरं

नमस्कार मंडळी,

दिवाळी अंकासाठी जॉन कर्कवर लेख लिहितेय आणि एका ठिकाणी गाडं अडलंय.

कर्क स्कॉटिश डॉक्टर, झाडापानांचा नाद असलेला. आफ्रिकेत भटकंती करणाऱ्या संशोधक लिव्हिंग्स्टनच्या झांबेझी नदीवरच्या मोहिमेत होता. १८६६ साली पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर ब्रिटिश एजन्सीत, म्हणजे राजकीय प्रतिनिधीच्या कचेरीत, सर्जन म्हणून गेला आणि पुढे तिथलाच कॉन्सल झाला. ही एजन्सी तेव्हा मुंबई सरकारच्या हाताखाली होती. झांझिबारचा सुलतान बरघशही गादीवर येण्याआधी मुंबईत हद्दपारीत राहिलेला. म्हणून हा विषय मला परका वाटत नाही.

१८७३ साली मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर गुलामांचा व्यापार थांबवण्याचा करार घेऊन झांझिबारला गेले. बरघशनं नकार दिला. फ्रियर परतल्यावर कर्कनं नाकेबंदीची धमकी बरघशच्या कानावर घातली आणि ५ जूनला करारावर सही झाली. गुलामांची समुद्रमार्गे ने-आण बेकायदा ठरली, बाजाराला टाळं लागलं. त्या जागेवर आज कॅथेड्रल उभं आहे. गुलामगिरीची कायदेशीर मान्यता मात्र १८९७ पर्यंत टिकली, हे लेखात ठळकपणे यायलाच हवं.

अडचण पुढे आहे. करारानंतर दोन वर्षांनी बरघश इंग्लंडला गेला तेव्हा कर्क सोबत होता, इतका दोघांचा घरोबा. आणि १८८५ च्या ऑगस्टमध्ये जर्मन युद्धनौका बंदरात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा लंडनच्या हुकमानुसार मुख्य भूमीवरच्या जर्मन दाव्यांपुढे सुलतानाला नमतं घ्यायला लावलं ते याच कर्कनं! १८८६ च्या इंग्लंड-जर्मनी समझोत्यात मुख्य भूमीवर सुलतानाच्या वाट्याला जेमतेम दहा मैल रुंदीची किनारपट्टी उरली. मला तरी हा विश्वासघात वाटतो. हुकमाच्या ताबेदाराला दुसरं काय करता आलं असतं, असा बचाव मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं, सविस्तर लिहा.

दुसरं म्हणजे, मुंबईच्या पुराभिलेखागारात झांझिबारची दप्तरं कुणी चाळली आहेत का? विशेषतः १८६६ ते १८७३ मधली. परवानगी कशी काढायची, फोटो घेऊ देतात का, हस्ताक्षर वाचता येण्यासारखं आहे का?

आणि झांझिबारमधल्या कच्छी भाटिया, खोजा व्यापाऱ्यांच्या पेढ्यांचं काय? तिथल्या जकातीचा मक्ता कित्येक वर्षं जयराम शिवजी पेढीकडे होता. या व्यापाऱ्यांच्या बाजूनं लिहिलेलं गुजराती किंवा कच्छी साहित्य माहीत असेल तर जरूर सांगा. गुजराती मला वाचता येतं.