कोजी कोंडो की नोबुओ उएमात्सू? माझं मत कोंडोला

चौकटराजा: गेमसंगीत म्हटलं की लोक लगेच ‘फायनल फँटसी’ या गेममालिकेच्या संगीतकाराचं, उएमात्सूचं नाव घेतात. मला ‘मारिओ’ आणि ‘झेल्डा’ या गेमचा संगीतकार कोंडो मोठा वाटतो. १९८४ला निंटेंडो या जपानी गेमकंपनीत लागला, १९८५ला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. आपल्याकडे नव्वदच्या दशकात नकली कन्सोलवर घरोघरी वाजायचं तेच. निंटेंडोच्या मूळ कन्सोलच्या चिपमध्ये आवाजाच्या मोजक्याच वाहिन्या: सुरांसाठी दोन पल्स आणि एक ट्रायँगल, ठेक्याला नॉइज. त्यातही मारिओनं उडी मारली की त्या आवाजासाठी एक पल्स संगीताकडून काढून घ्यायचा. म्हणजे मधेच सूर गळाला तरी चाल लंगडी पडता कामा नये! पाण्याखाली वॉल्ट्झ, आणि वेळ शंभराच्या खाली गेली की तीच धून पळत सुटते.

उत्तररात्र: तंगी उएमात्सूलाही होतीच की. १९८७चा पहिला ‘फायनल फँटसी’ त्याच यंत्रावरचा. पुढे सातव्या भागात, १९९७ला, शेवटच्या लढाईला लॅटिन कोरस आणला. त्यातल्या एरिथ या पात्राची धून गेम न खेळता ऐकली तरी गलबलतं. मारिओ दहा मिनिटं नुसता ऐकून दाखवा. डोकं उठतं.

चौकटराजा: नुसतं ऐकायला केलंच नव्हतं ते. आणि २०२३ला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत घेतलेलं पहिलं गेमसंगीत मारिओचंच.

उत्तररात्र: सरकारी शिक्क्यांवर जायचं तर टोकियो ऑलिंपिकच्या संचलनात ‘फायनल फँटसी’ वाजलं, मारिओ नाही.

जुनापुराणा: त्या संचलनाची सुरुवात ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या गेमच्या धुनेनं झाली, म्हणजे तिचे संगीतकार कोइची सुगियामा. १९८७ला टोकियोच्या सन्टोरी हॉलमध्ये गेमसंगीताची मैफल त्यांनी केली, तेव्हा तुमचे दोघे पंचविशी-तिशीतले. (त्यांची राजकीय मतं मला बिलकूल पटत नाहीत, पण तो वेगळा धागा.)

उत्तररात्र: मान्य. बाकी ‘झेल्डा’च्या सुरुवातीला कोंडोला फ्रेंच संगीतकार राव्हेलचं ‘बोलेरो’ लावायचं होतं. कॉपीराइट संपला नव्हता म्हणून स्वतःची चाल केली. पहिली पसंती उसनीच!

चौकटराजा: आणि अडल्यावर काय केलं ते? ती चाल आजही झेल्डाची ओळख आहे. १९९८चा झेल्डाचाच ‘ओकारिना ऑफ टाइम’ घ्या. पाचच सूर, कंट्रोलरच्या पाच बटणांवर. त्यातून पाऊस पाडणारी, दिवसाची रात्र करणारी अशा डझनभर धुना, आणि वाजवायच्या खेळणाऱ्यानं. असं उएमात्सूचं एक दाखवा.

उत्तररात्र: ती करामत निम्मी गेम बांधणाऱ्यांची. संगीतकाराच्या खात्यात सगळी कशी जमा करता?