मोडका गुडघा, मोठं नाव आणि क्लबची तिजोरी

बाकावरचा राखीव (धागाकर्ता)

फुटबॉलमध्ये ट्रान्सफरचा, म्हणजे खेळाडूंनी क्लब बदलायचा, मोसम आला की एक बातमी हमखास येते. अमुक क्लबने तमुक खेळाडूला उचललं. वय तेहतीस, गेल्या दोन मोसमांत मिळून जेमतेम बारा सामने, गुडघ्याला दोनदा टाके. आणि खाली सगळ्यांची एकच प्रतिक्रिया, 'फिट राहिला तर काय खेळेल!' आत्याबाईला मिशा असत्या तर, यातलाच हा प्रकार.

आपल्या पुण्याचंच घ्या. २०१६ साली एफसी पुणे सिटीने मार्की, म्हणजे मोठ्या नावाचा मुख्य खेळाडू म्हणून एडर गुडजॉन्सेनला आणलं. चेल्सी आणि बार्सिलोनाकडून खेळलेला माणूस, नुकताच आइसलँडबरोबर युरो खेळून आलेला. वय सदतीस. मी हापिसातल्या मित्राशी मिसळीची पैज मारून बसलो होतो की हा दहा गोल करणार. पठ्ठ्या मोसम सुरू व्हायच्या आधीच जायबंदी झाला. त्याच्या जागी मोहम्मद सिसोको आला. माझी मिसळ गेली ती गेलीच.

बरं, हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. ओवेन हारग्रीव्ह्ज आठवतोय? दोन्ही गुडघे खलास. मॅन्चेस्टर युनायटेडने सोडल्यावर त्याने स्वतःच्या व्यायामाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकले, बघा मी पळतोय म्हणून. २०११ मध्ये मॅन्चेस्टर सिटीने घेतला. पदार्पणात बर्मिंगहॅमविरुद्ध लांबून झकास गोल मारला आणि सगळे म्हणाले, बघा! सिटीसाठी एकूण सामने किती खेळला? चार.

माझं मत: यात फुटबॉल कमी आणि जर्सी खपवणं जास्त. हाणा आता.

फातोर्ड्याचा पूर्व स्टँड

पात्रांव, पुण्याच्या मिसळीचा राग सगळ्या म्हाताऱ्यांवर काढू नका. २०१७ मध्ये फेर्रान कोरोमिनास गोव्यात आला तेव्हा चौतीस वर्षांचा होता, सायप्रसमधून आलेला. आमच्याकडेसुद्धा लोक म्हणाले, पेन्शन घ्यायला आलाय. पहिल्या मोसमात १८ गोल, दुसऱ्यात १६, दोन्ही वेळा गोल्डन बूट, म्हणजे सगळ्यात जास्त गोलचं बक्षीस. तीन मोसमांत ५७ सामन्यांत ४८ गोल. मी फातोर्ड्याच्या स्टेडियमवर बसून बघितलंय, बचावपटू चेंडूकडे बघत असायचा आणि कोरो त्याच्या पाठीमागे दोन पावलं सरकून उभा असायचा. पळणं जवळजवळ नाहीच. पळायची गरजच काय?

बाकावरचा राखीव

कोरो मोडलेला कुठे होता? धडधाकट होता, फक्त नाव छोटं होतं. गोव्याने नाव न बघता खेळ बघून घेतला. म्हणजे तुम्ही माझीच बाजू मांडताय, आभारी आहे.

फातोर्ड्याचा पूर्व स्टँड

धाग्यात 'वय तेहतीस' कोणी लिहिलं?

नऊ नंबर

पॉपकॉर्न बाजूला ठेवून लिहितोय. या विषयात ब्राझीलच्या रोनाल्डोचं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही? नोव्हेंबर १९९९ मध्ये गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन (स्नायू हाडाला बांधणारा दोर) फाटला. शस्त्रक्रिया, पाच महिने विश्रांती. १२ एप्रिल २००० ला इटालियन कपच्या फायनलमध्ये इंटर मिलानकडून लाझिओविरुद्ध बदली म्हणून आला आणि सात-एक मिनिटांत, कोणी हातही लावलेला नसताना, पायावर पाय टाकून वळताना कोसळला. ती चित्रफीत मी आजही पूर्ण बघू शकत नाही. तेव्हा कोणीही म्हणालं असतं, संपला. २००२ च्या वर्ल्ड कपमध्ये आठ गोल, त्यातले दोन जर्मनीविरुद्ध फायनलमध्ये. मग रेआल माद्रिदने घेतला. १७७ सामन्यांत १०४ गोल. धागाकर्त्यांच्या हिशेबाने रेआलने त्याला घ्यायलाच नको होतं.

हिशेबनीस

नऊ नंबर, तुमचं उदाहरण भारी आहे, पण ते नीट वाचा ना. जुगार कोणी खेळला? इंटरने. पगार इंटरने दिला, वाट इंटरने बघितली. आणि ५ मे २००२ ला लीगच्या शेवटच्या दिवशी पुन्हा लाझिओकडूनच ४-२ हरून विजेतेपद घालवलं तेव्हा बाकावर हमसून रडणारा रोनाल्डोही इंटरचाच. काही आठवड्यांत तो वर्ल्ड कप जिंकला, उन्हाळा संपता संपता रेआलला गेला. रेआलने आजारी घोडा घेतलाच नव्हता. साऱ्या जगाने शर्यत जिंकताना बघितलेला घोडा घेतला.

फाल्काओचंही तेच. जानेवारी २०१४ मध्ये मोनाकोकडून खेळताना चौथ्या श्रेणीतल्या एका संघाविरुद्ध कपच्या सामन्यात गुडघा गेला, वर्ल्ड कप हुकला. पुढचा मोसम युनायटेडकडे उसना, गोल चार. त्याच्या पुढचा चेल्सीकडे उसना, गोल एक. दोन्हीकडे पोरांनी टिंगल केली. मग गडी मोनाकोला परत आला आणि २०१६-१७ मध्ये कर्णधार म्हणून फ्रान्सचं विजेतेपद घेऊन गेला, लीगमध्ये २१ गोल. नांगरणी दोघांनी केली, सुगी तिसऱ्याने. मोडलेला खेळाडू परत येतो की नाही हा वादच नाही माझ्या मते. येतो, बऱ्याचदा येतो. पण ज्याने सगळ्यात आधी पैसे टाकले त्याच्याकडे येत नाही.

फिजिओताई

रोजचं काम हेच असल्याने थोडं तांत्रिक, माफ करा.

रोनाल्डोला जे झालं ते टेंडनचं. फुटबॉलमध्ये जास्त ऐकू येतं ते एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं, हाडाला हाड बांधणारं लिगामेंट. ते शिवत नाहीत, बहुतेक वेळा मांडीच्या मागच्या स्नायूच्या किंवा वाटीखालच्या टेंडनचा तुकडा घेऊन नवीन बसवतात. हा तुकडा आत गेल्यावर काही महिने उलट कमजोर होतो, मग हळूहळू लिगामेंटसारखा होत जातो. नेमकं याच काळात दुखणं थांबलेलं असतं आणि पेशंटला वाटतं, झालो बरा. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरला तर पुन्हा फाटण्याचा धोका बराच वाढतो, हे आता सगळीकडे मान्य आहे.

क्लबच्या मेडिकलमध्ये एमआरआय होतो, दोन्ही पायांची ताकद मोजतात, एका पायावर उड्या मारायला लावतात. दोन पायांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, असा साधारण दंडक. पण सत्तराव्या मिनिटाला, दमल्यावर, डाव्या पायावर वळायची वेळ आली की तो माणूस वळतो का अर्धा क्षण थांबतो, हे कुठल्याच मशीनवर दिसत नाही. माझ्याकडे येणारी कॉलेजची पोरं टेस्ट पास होतात आणि जिना उतरताना कठडा धरतात. मी आधी कठड्याकडे बघते.

पेठेतला

लई भारी ताई. कठड्याचं एक नंबर.

सौ. ऑफसाइड

हिशेबनीसांचं 'आधी पैसे टाकणाऱ्याकडे येत नाही' पटलं नाही. सांती काझोर्ला घ्या.

ऑक्टोबर २०१६ मध्ये आर्सेनलकडून लुडोगोरेट्सविरुद्ध खेळला आणि घोट्याचं दुखणं वाढलं. शस्त्रक्रियेनंतर जखमेत संसर्ग, मग गँग्रीन. टाचेच्या टेंडनचा आठ सेंटीमीटर भाग जंतूंनी खाल्ला. मुलाबरोबर बागेत फिरता आलं तरी पुष्कळ समजा, असं डॉक्टर म्हणाले होते. घोटा झाकायला डाव्या हाताची कातडी काढून लावली, आणि त्या हातावर मुलीचं नाव गोंदलेलं होतं. नाव 'इंडिया'. त्यातली अर्धी अक्षरं हातावर राहिली, अर्धी घोट्यावर गेली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजायची विसरले होते.

२०१८ मध्ये त्याला कोणी घेतलं? त्याच्या जुन्या व्हियारेआलने. आधी सरावाला बोलावलं, मग करार. पुढच्या वर्षी तो स्पेनच्या राष्ट्रीय संघात परत होता. पुढे कतारला गेला, आणि २०२३ मध्ये लहानपणीच्या ओव्हिएदोकडे, दुसऱ्या श्रेणीत, नियमाने देता येईल तेवढ्या किमान पगारावर. वर अट काय, तर त्याच्या जर्सीच्या विक्रीतला दहा टक्के हिस्सा क्लबच्या पोरांच्या अकादमीला. जून २०२५ मध्ये वरच्या श्रेणीत जायच्या प्लेऑफ फायनलच्या दुसऱ्या लढतीत मिरांदेसविरुद्ध पेनल्टी त्यानेच मारली, वय चाळीस. ओव्हिएदो २४ वर्षांनी ला लिगात, म्हणजे स्पेनच्या पहिल्या श्रेणीत गेलं. धागाकर्ते, जर्सी खपवली म्हणता ना? खपवली की. पैसे कुठे गेले बघा.

हिशेबनीस

दंडवत. पण किमान पगारावर खेळायला तयार असलेला माणूस हा जुगार नाहीच, ती देणगी आहे. माझा हिशेब करोडो मागणाऱ्यांचा.

तिरकी किक

म्हणजे मुद्दा खेळाडूचा नाहीच, कराराचा आहे. सगळे उगीच गुडघ्यात अडकलेत.

डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन. १२ जून २०२१, कोपनहेगन, फिनलंडविरुद्ध मैदानातच हृदय थांबलं. छातीत यंत्र बसवल्यावर इटलीत खेळायची परवानगी नाही, म्हणून इंटरचा करार संपला. ब्रेंटफर्डने जानेवारी २०२२ मध्ये फक्त मोसमअखेरपर्यंत घेतला. २ एप्रिलला चेल्सीला त्यांच्याच घरी ४-१ हरवलं, त्यात एरिक्सनचा गोल होता. ब्रेंटफर्ड वरच्या श्रेणीत टिकलं, तो युनायटेडला गेला. नसता चालला तर? काही महिन्यांचा पगार गेला असता, विषय संपला.

उलट न्यूकॅसलने २००५ मध्ये मायकेल ओवेनसाठी सोळा दशलक्ष पौंडांच्या वर मोजले आणि चार वर्षं बांधून घेतला. २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटाला गुडघा गेला. २००९ मध्ये क्लब खालच्या श्रेणीत उतरला. त्याच उन्हाळ्यात युनायटेडने तोच ओवेन फुकटात घेतला, पैसे बरेचसे खेळेल तसे. सप्टेंबरमध्ये सिटीविरुद्ध ९६ व्या मिनिटाला ४-३ चा गोल. एकच माणूस, तेच पाय.

बाकावरचा राखीव

कराराचं मान्य. पण आपल्याकडच्या पोराची जागा जाते त्याचं काय?

फातोर्ड्याचा पूर्व स्टँड

आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) पहिल्या तीन मोसमांत मैदानात सहा परदेशी चालायचे. गुडजॉन्सेन नसता तर पिंपरीचा पोरगा खेळला असता असं वाटतंय का? सिसोको आला, तुम्हीच लिहिलंय. आणि मुंबईने त्याच वर्षी सदतीस वर्षांचा फोरलान आणलेला. केरळविरुद्ध हॅट्ट्रिक.

पेठेतला

आयएसएलमध्ये नसल जात, आमच्याकडं जाते. नाव घेत नाही, कोल्हापुरातल्याच एका संघाचं सांगतो. आमचा जुना स्ट्रायकर, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला, दीड वर्ष मैदानात नव्हता. गेल्या मोसमात परत घेतला, कारण पेठेला तो पाहिजे. शाहू स्टेडियमवर सामना, स्टँड फुल्ल. तो बाकावर बसून क्रेप बँडेज गुंडाळतोय, सोडतोय, परत गुंडाळतोय. पंचाहत्तराव्या मिनिटाला उठला तर निम्मं स्टेडियम उभं. एकोणीस वर्षांचं पोरगं बाहेर आलं, बरं खेळत होतं. ह्यानं पंधरा मिनिटांत एकच पास दिला, पण असला दिला की गोल. दुसऱ्या दिवशी घरी गेलो तर जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसलेला, बर्फ लावून.

आणि ते पोरगं ह्या मोसमात दुसऱ्या तालमीच्या संघाकडनं खेळतंय.

फिजिओताई

@पेठेतला, त्यांनी कठडा धरला होता का?

पेठेतला

कठडा नाही ताई आमच्यात. दोरी आहे.