रिसेल फ्लॅट घेतोय, वकिलाची फी नक्की किती द्यायची? (इंदिरानगर, नाशिक)

आशू_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. इंदिरानगरला टू बीएचके रिसेल बघितलाय, ४६ लाखात ठरलं, ५१ हजार देऊन विसार पावती पण करून बसलोय (हो माहितीये, आधी विचारायला पाहिजे होतं, शिव्या नंतर द्या). आता वकिलावर गाडी अडलीये. तिघांना विचारलं तर तिघांचे आकडे तीन टोकांना. एजंटचा वकील म्हणतो ८ हजारात सगळं करून देतो, सोसायटी वीस वर्षं जुनी आहे, बघण्यासारखं काही नाहीच. ऑफिसातल्या एकाच्या ओळखीचे वकील आहेत, सीबीएसला कोर्टाजवळ बसतात, ते १८ म्हणाले. तिसरे म्हणाले व्हॅल्यूच्या एक टक्का, म्हणजे ४६ हजार, मी फोनवर गप्पच झालो.

त्यात लोन आहे, बँक लीगलचे पैसे वेगळे कापणारच, मग बँकेचा वकील बघतोय तर आपण परत दुसऱ्याला कशाला द्यायचे असं बायकोचं म्हणणं आणि खरं सांगू तर मला पण ते पटतंय. वर ६ टक्के स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशनचे ३० हजार, सोसायटीचं ट्रान्सफर वेगळंच. ८ वाल्याला हो म्हणू का?

नाशिकरोडकर

मी ६ हजारात केलं होतं भाऊ, एजंटच्याच माणसाकडून. सात वर्षं झाली, राहतोय मजेत. उगाच घाबरवतात लोक.

मखमलाबादचा_मामा

नाशिकरोडकर दादा, तुमचं नीट झालं चांगलंय, पण हेल्मेट न घालता मी पण द्वारका सर्कलवरून घरी पोचलोय बऱ्याचदा.

आशू, तू "किती" विचारतोयस, आधी "कशाचे" विचार. ८ हजारवाला काय करणार? त्याच्या कॉम्प्युटरवर तयार मसुदा असतो, त्यात नावं आणि चतुःसीमा बदलणार, डेटा एंट्री करणार, चलन भरणार आणि नोंदणीच्या दिवशी तुमच्या बरोबर बाकावर बसणार. हे पण काम आहे, त्याचे ८ काही जास्त नाहीत. पण सर्च त्यात नाही. सर्च म्हणजे मागची ३० वर्षं त्या मिळकतीचे कोणकोणते दस्त नोंदले गेले ते शोधणं आणि मग मालकी साफ आहे की नाही ते स्वतःच्या सहीने लिहून देणं. त्याला सरळ विचार, सर्च आणि टायटल रिपोर्ट लेटरहेडवर देणार का, आणि सर्च फी भरल्याची पावती जोडणार का? माझ्या वेळी ३० वर्षांचं साडेसातशेचं चलन होतं, ते रिपोर्टच्या मागे टाचलेलं असतं. ते नसेल तर त्या रिपोर्टचा वडा बांधायला पण उपयोग नाही.

आता मेव्हण्याचं सांगतो. त्याला विकणारा मुलगा, वडील वारलेले, सोसायटीच्या रजिस्टरला मुलाचं नाव लागलेलं, शेअर सर्टिफिकेटवर (सोसायटीचा सभासदाला दिलेला दाखला) पण. सगळं चकाचक. आमच्या वकिलाने इंडेक्स टू (नोंदणी ऑफिसातला दस्ताचा उतारा) काढला तर खरेदी वडिलांच्या नावावर, आणि मुलाचं नाव सोसायटीत लागलं ते फक्त नॉमिनी म्हणून. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बाकी वारसांचा हक्क तसाच राहतो. वारस कोण, तर म्हातारी आई आणि धुळ्याला दिलेली बहीण. दोघींचं हक्कसोडपत्र नोंदवल्याशिवाय पुढे जायचं नाही म्हणून वकील अडून बसले. महिना गेला. बहीण आली, आई आली, आणि आईचा अंगठा काही केल्या मशीनवर उमटेना, भांडी घासून घासून रेषाच राहिल्या नव्हत्या. ऑपरेटर काच पुसतोय, आजी पदराला अंगठा पुसतायत, मागे लाईनमधले लोक घड्याळ बघतायत. सहाव्या की सातव्या वेळेला उठला ठसा. वकिलाने टोटल २० घेतले होते, मेव्हणा तेव्हा कुरकुरत होता, आता स्वतःच दुसऱ्यांना त्यांचा नंबर देतो.

आशू_इंदिरानगर

बापरे. पण मामा, रजिस्ट्रेशन सरकारी आहे ना? मालक नसेल तर ऑफिसवाले दस्त नोंदवतीलच कसे?

पेन्शनर_बँकवाला

हाच गैरसमज सगळ्यांचा असतो. नोंदणी दस्ताची होते, मालकीची नाही. दुय्यम निबंधक बघतात की ड्युटी बरोबर भरलीये का, सही करणारा तोच माणूस आहे का, ओळखीचे साक्षीदार आहेत का. विकणाऱ्याची मालकी खरी का खोटी हा निवाडा त्यांचा नाही.

आणि वहिनींच्या मुद्द्याबद्दल, मी लोन डिपार्टमेंटला होतो म्हणून बोलतो. पॅनेलवरचा वकील बँकेचा. फी तुमच्या खिशातून गेली तरी रिपोर्ट बँकेच्या नावाने असतो, बऱ्याचदा तुम्हाला त्याची कॉपीसुद्धा मिळत नाही. बँक बघते तिचं कर्ज सुरक्षित आहे का. तुमच्या करारात ताबा कधी देणार, मागचं लाईटबिल आणि घरपट्टी कोण भरणार, लोन मंजूर नाही झालं तर विसार परत मिळणार का, हे त्यात कुठे येतच नाही. तुमच्या विसार पावतीत ते शेवटचं कलम आहे का बघा आज.

आणखी एक. विकणाऱ्याचं जुनं लोन फिटलेलं असेल तर बँकेचं नुसतं नील पत्र (काही बाकी नाही असं) चालत नाही, मूळ खरेदीखत त्याच्या हातात आहे ना ते डोळ्यांनी बघा. झेरॉक्सवर समाधान मानू नका.

देवळालीची_पोर

मी न्यू जर्सीत असते, मागच्या वर्षी घर घेतलं म्हणून सांगते, इकडे पण सेम रडगाणं. इकडे एजंट करार सही करून घेतो, पण त्यानंतर तीन वर्किंग दिवस वकिलाला वाचायला मिळतात आणि तो त्या दिवसांत करार रद्द करू शकतो. आमच्या वकिलाने ठोक फी सांगितली, कशात काय येतं ते ईमेलवर लिहून दिलं, क्लोजिंगच्या दिवशी एक डॉलर जास्त मागितला नाही. शिवाय टायटल इन्शुरन्स असतो, जुना कोणी वारसदार उपटला तर कंपनी निस्तरते. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले आपल्याकडे इन्शुरन्स म्हणजे तो सर्च रिपोर्टच, दुसरं काही नाही. आशूदादा, तुम्ही पण फी व्हॉट्सअपवर का होईना लिहून घ्या.

काळा_कोट_सातपूर

स्वतः वकील आहे, नाव सांगणार नाही. आम्हाला जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे, त्यामुळे रेटकार्ड कुठेच लावलेलं दिसणार नाही आणि लोकांना वाटतं चेहरा बघून आकडा सांगतात. काही जण सांगतातही, खोटं कशाला बोलू. पण टक्केवारी माझ्या मते चूक. ४६ लाखाचा फ्लॅट असो का ९० लाखाचा, सर्चला वर्षं तेवढीच आणि मसुद्याची पानं पण जवळपास तेवढीच. ठोक आकडा मागा. १८ मध्ये सर्च, मसुदा, लोकल पेपरात जाहीर नोटीस (कोणाची हरकत आहे का विचारणारी) आणि नोंदणीला हजेरी असं सगळं असेल तर रास्त आहे. नोटिशीचा खर्च आत की बाहेर तेवढं विचारा, भांडणं तिथेच होतात.

"सोसायटी वीस वर्षं जुनी" हे काही उत्तर नाही हो. बिल्डिंग वीस वर्षांची, त्याआधीची दहा वर्षं जमिनीची बघायची, आणि जुन्या वर्षांचं सगळं ऑनलाईन सापडत नाही, ऑफिसात जाऊन रजिस्टर चाळावं लागतं. वेळ तिथे जातो.

आणि वकिलाच्या फीवर जीएसटी तुम्हाला लागत नाही, तुम्ही राहायला घर घेताय, धंद्याला नाही. कोणी १८ टक्के वर मागितले तर विचारा कशाबद्दल.

गंगापूररोड_ताई

सगळे वकिलाच्या ८-१० हजारावर भांडताय, मोठा आकडा कोणी बघतच नाही. फ्लॅट बायकोच्या एकटीच्या नावावर घ्या ना! महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर असेल तर स्टॅम्प ड्युटी एक टक्का कमी. नवराबायको दोघांची नावं टाकली की गेली सवलत. तुम्ही लोनला को-अ‍ॅप्लिकंट राहू शकता, बँकेला विचारून घ्या. फक्त मालक नसल्यावर व्याजाची टॅक्समधली सूट तुम्हाला मिळणार नाही, ते गणित आधी करा. आणि रेडीरेकनरची (सरकारी दरपत्रकाची) किंमत जास्त निघाली तर ड्युटी त्यावर लागते, ४६ वर नाही. दोन्ही आकडे ५० लाखाच्या आत असतील तर टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशातून टॅक्स) कापायची भानगड नाही, तेवढं बरंय.

सोसायटीने ट्रान्सफरला लाखभर मागितले तर घाबरू नका, महापालिका हद्दीत प्रीमियम २५ हजाराच्या वर घेता येत नाही. आमच्या सेक्रेटरींनी "बिल्डिंग फंड" म्हणून मागितले होते, मी परिपत्रकाची प्रिंट नेली तर काकांचा चष्माच सापडेना.

आशू_इंदिरानगर

अपडेट देतो. १८ वाल्यांकडे जाऊन आलो. पहिला प्रश्न काय तर शेअर सर्टिफिकेट उलटं करून दाखवा. फोटो होता मोबाईलमध्ये, मागच्या बाजूला शेवटचं नाव विकणाऱ्यांचं नाहीच, त्यांच्या आधीच्या मालकाचं. म्हणजे नऊ वर्षं राहिले आणि सोसायटीत नावच चढवलं नाही. वकील म्हणाले खरेदीखत त्यांच्या नावावर आहे त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण आधी त्यांचं नाव चढवून घ्यायचं, मग आपला करार. विकणाऱ्या काकांना फोन केला तर ते म्हणतात एजंट बोलला होता गरज नाही म्हणून. विसार पावतीत लोनचं कलम पण नव्हतं, ते पुरवणी करून टाकून घेतोय. नोटीस धरून २१ हजाराला ठरलं, लिहून घेतलंय.

आणि ताई, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली ती चूक झाली. मी नवीन टॅक्स रिजीमला आहे, व्याजाची सूट मला तशीही नव्हती, त्यामुळे माझ्याकडे बोलायला काही उरलंच नाही. फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर होतोय. ४६ हजार वाचले, त्यातून वकिलाचे २१ गेले, आणि उरलेल्या २५ वर तिने आत्ताच मॉड्युलर किचनवाल्याला घरी बोलावलंय.